एकाच खड्ड्याकडे

१० नोव्हेंबर, सोमवार

पाणीसुद्धा दुधारी शस्त्र!

सूनबाईंचं आजचं उत्तर. प्रश्न पाणीवाटपाचा. पहिलीच ओळ — ‘पाणी हे दुधारी शस्त्र आहे.’ परवा तंत्रज्ञान दुधारी होतं, त्याआधी लोकशाही. मी म्हटलं, अगं, तुझ्या उत्तरांत एखादी तरी वस्तू बोथट ठेव, नाहीतर तपासणाऱ्याचं बोट कापेल. हसली नाही. मान खाली घालून लिहून घेतलं! माझे टोमणेसुद्धा आता टिपणं म्हणून उतरवले जातात.

सरकारी अधिकारी व्हायच्या परीक्षेची पूर्वपरीक्षा पास झाली, तेव्हा घरभर पेढे वाटल्यासारखा आनंद होता. आता लेखी. एकच पेपर — एक निबंध आणि बाकी मोठी उत्तरं. वयाच्या अटीमुळे हा शेवटचा प्रयत्न. पुढच्या वर्षी तिचा अर्जच घेणार नाहीत. हे वाक्य घरात कोणी उच्चारत नाही. आम्ही माणसं तीन — मी, ती आणि चिरंजीव — पण चहाच्या टेबलाशी ते वाक्य चौथ्या माणसासारखं बसलेलं असतं.

इतके दिवस क्लासला जाऊन ही शिकली काय? प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला शस्त्र, मधे नाण्याच्या दोन बाजू आणि शेवटी ‘काळाची गरज’. माझी लाल पेन्सिल आज दोनदा मोडली. उद्यापासून मीच बसणार तिच्यासमोर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला धडा — प्रश्नातलं शेवटचं क्रियापद. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की स्पष्ट करायचं. ‘चर्चा करा’ म्हटलं की दोन्हीकडचं बोलायचं. ‘परीक्षण करा’ म्हटलं की निकाल द्यायचा. ही बाई तिन्हींना एकच उत्तर देते. जेवायला काय करू विचारलं तर भाजीच्या इतिहासापासून सुरुवात करेल!

मी विचारलं, ‘परीक्षण करा’ आहे ना इथे? मग तुझं मत कुठे आहे?

म्हणाली, “क्लासमध्ये सांगितलंय, मत द्यायचं नाही. समतोल ठेवायचा.”

समतोल! तराजूचा काटा मधे उभा राहिला की कोणी माल घेत नाही, ही साधी गोष्ट. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर निबंधाच्या वहीत शेवटी एकच प्रश्न लिहायच्या — ‘मग तुला काय वाटतं?’ त्या प्रश्नाला उत्तर नसलं की वही परत. रडायचो आम्ही. पण लिहायला शिकलो.

तिला सांगितलं, उत्तर पहिल्या ओळीत दे. बाकीच्या ओळी ते उत्तर खरं का आहे हे सांगायला ठेव.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

‘तथापि’ मोजायचं सोडून दिलं. एका पानावर इतके ‘तथापि’ की पान चालताना अडखळतंय असं वाटतं. एक वाक्य पुढे, एक मागे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती सूनबाईंमुळे नाही. हीच परीक्षा पास होऊन कोवळी पोरं आमच्या कार्यालयात साहेब होऊन यायची. खुर्चीत बसायची, घंटी वाजवायची, आणि मसुदा लिहायची वेळ आली की दारातून हळूच — ‘मॅडम, जरा नजर टाकता का?’ नजर टाकता का म्हणे! अख्खा मसुदा मी नव्याने लिहायचे. दारावर पाटी त्यांची, फाइलीत वाक्यं माझी. निवृत्तीच्या दिवशी भाषणात एकाने मला ‘आपल्या कार्यालयाचा कणा’ म्हटलं. कणा कधी खुर्चीत बसलेला पाहिलाय कोणी? खुर्चीत बसतो तो भाग वेगळा.

असो. शाई वाया.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज उत्तर बरं होतं. पण उदाहरण पुस्तकातलं — त्याच त्या समितीचा तोच तो अहवाल. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं लिही. तू रोज ज्या बसथांब्यावर उभी राहतेस तिथलं छप्पर का गळतं? कोणाच्या सहीअभावी? ते लिही. तिने लिहिलं. छान लिहिलं! छपरावर चार ओळी होत्या, पण त्यात माणसं भिजताना दिसली. मग मी थोडी दुरुस्ती केली. मग अजून थोडी.

चिरंजीव ऑफिसातून येऊन बूट काढत उभे. माझ्या खांद्यावरून डोकावले. म्हणाले, “आई, ही परीक्षा ती देतेय की तू?”

मी म्हटलं, तू ज्या वयात पहिलं वाक्य लिहायला शिकलास त्या वयात कोण बसली होती तुझ्याजवळ? तेव्हा नाही विचारलंस ते. बूट उचलून आत गेला. पण सूनबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असावं. की दुसरं काही, कळलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सापडलं!

कपडे वाळत घालताना डोक्यात आलं. ओला टॉवेल खांद्यावर तसाच टाकून आत आले आणि मिळेल त्या कागदावर लिहिलं —

‘नियम विसरलेला नागरिक आणि माणूस विसरलेला अधिकारी एकाच खड्ड्याकडे दोन बाजूंनी चालत असतात.’

पुन्हा वाचलं. पुन्हा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मोठ्याने म्हणून पाहिलं तर तोल कसा सुरेख! प्रशासन, न्याय, भ्रष्टाचार, रस्ते, रुग्णालयं — कोणताही विषय येऊ दे, निबंध याच वाक्याने उघडायचा. तपासणारा सरळ होऊन बसेल. शंभर मरगळलेल्या पेपरांत एक पेपर उभा राहिलेला दिसेल.

सूनबाईंना पाठ करायला सांगितलं. चिरंजीवांना ऐकवलं. म्हणाले, छान आहे, आणि फोनकडे बघायला लागले. अरसिक! बापावर गेलाय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सूनबाईंनी आज एक प्रश्न विचारला आणि माझा दिवस नासवला.

“अहो आई, खड्डा कसला?”

मी म्हटलं, कसला म्हणजे?

“म्हणजे दोघं जिथे पडतात तो. त्यात आहे काय?”

मी म्हटलं, अगं, ते प्रतिमा म्हणून आहे. साहित्यात प्रत्येक खड्ड्याची खोली मोजत नाहीत. ती बरं म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली.

पण मला भांडी विसळताना तेच. कसला खड्डा? अराजक? अन्याय? काहीतरी आहे नक्की. असल्याशिवाय मला सुचलं नसतं.

४ डिसेंबर, गुरुवार

आता उत्तरं खरोखर चांगली येतात. पहिल्या ओळीत निकाल. दुसऱ्या परिच्छेदात उदाहरण, अंगाला चिकटणारं. विरुद्ध बाजू एका परिच्छेदात, तीही प्रामाणिकपणे. शेवट छोटा, सुरुवात पुन्हा न उगाळता. खाडाखोड एकाच सरळ रेघेने. वेळेत. मी आज जेमतेम दोन ठिकाणी पेन्सिल लावली.

म्हटलं, बघ, हे आहे उत्तर! हे मी लिहिलं असतं!

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हो. तुम्हीच लिहिल्यासारखं आहे.”

मला एवढा आनंद झाला की मी तिला जवळ घेतलं. आमच्याकडे अशी पद्धत नाही. ती पण जरा अवघडली. खांदे काय हाडकुळे झालेत तिचे! परीक्षा झाली की हिला चांगलं खाऊपिऊ घालायला हवं.

७ डिसेंबर, रविवार

जेवण गोड लागत नाही. भाजीवालीशी भांडले. चूक तिची होती, पण एवढी नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार

काय काय होऊ शकतं याचाच विचार चालतो. पेन बंद पडेल. तिसऱ्या प्रश्नावर जास्त वेळ जाईल आणि शेवटचं उत्तर अर्धवट राहील. हात आखडेल. क्रियापद वाचायला विसरेल. आयत्या वेळी पाण्याला धार येईल!

चिरंजीव म्हणतात, नाही झालं तर नाही झालं, आई, जग बुडत नाही. यांचं जग कसं बुडेल? बसायला नोकरी आहे, उठायला नोकरी आहे. हिचं काय? इतकी वर्षं पुस्तकात डोकं घालून बसलेली बाई शेवटी हातात काय घेऊन उठणार? मी म्हटलं, तू तिच्यासमोर हे बोलू नकोस. तर म्हणाला, “तिच्याशी बोलायला ती एकटी सापडते कुठे? तू असतेस.”

असेनच! कोणीतरी असायला हवं की नको?

१३ डिसेंबर, शनिवार

पेपर झाला.

मीच सोडायला गेले. चिरंजीव येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं — हा वाटेत क्रिकेटवर बोलला असता. केंद्र म्हणजे एक जुनी शाळा. समोर बाग, फाटकाशी ही गर्दी. प्रत्येकजण ओठ हलवत शेवटची टिपणं पुटपुटतोय. रुग्णालयाच्या दारात उभं असल्यासारखं वाटलं. मी तिला वाक्य म्हणून दाखवायला लावलं. तिने म्हटलं, एकही अडखळ नाही. पेनं तपासली. ओळखपत्र तपासलं. पाण्याची बाटली. म्हटलं, मी इथेच थांबते.

“नको आई. तुम्ही घरी जा. तुम्ही बाहेर उभ्या आहात हे माहीत असलं की माझा हात थरथरेल.”

बरोबर होतं तिचं. मीही अशीच होते शाळेत. वळले. कोपऱ्यावरून मागे पाहिलं तर गर्दीत सगळ्यांच्या पाठी सारख्याच.

घरी आले आणि तशीच खुर्चीत बसले. तीन तास मी मनातल्या मनात पेपर लिहिला. शेवटची घंटा होऊन गेली असेल तेव्हा माझी बोटं खरोखर दुखत होती.

संध्याकाळी आली. हातात संत्र्यांची पिशवी. चेहरा असा ताजा की मी बघतच राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून भूक लागली म्हणाली. मी ‘कसा—’ एवढं म्हटलं तर लगेच, “आई, झालेल्या पेपरबद्दल बोलायचं नाही, तुम्हीच सांगितलंय.”

सांगितलं होतं खरं. माझा नियम माझ्याच घशात अडकला. प्रश्नपत्रिका मागितली तर म्हणे आतच ठेवून घेतात.

१४ डिसेंबर, रविवार

वर्तमानपत्रात प्रश्न छापून आलेत. निबंधाचा विषय — ‘प्रशासनात नियम मोठा की माणूस?’

नियम! माणूस! शब्दन् शब्द! जणू परीक्षकांनी माझ्या दोरीवरचे कपडे वाळताना पाहिले! मी वर्तमानपत्र घेऊन तिच्या खोलीत धावत गेले. म्हटलं, काल सांगितलं का नाहीस, वेडे?

“हो का?” म्हणाली. मग घाईने, “हो, हो. तोच होता.”

काय हा संयम! मी असते तर फाटकातून नाचत बाहेर आले असते.

२० डिसेंबर, शनिवार

सूनबाई खूश. स्वयंपाकघरात काहीबाही गुणगुणत असतात. काल शेजारणीशी जिन्यात उभी राहून हसत होती, तेही मोठ्याने. पेपर उत्तम गेल्याची याहून मोठी खूण कुठली? मी मात्र खिडकीशी बसून निकालाची वाट बघते. जीव टांगणीला. पण गोड टांगणी.

५ जानेवारी, सोमवार

टाचणीचा फोन.

टाचणी म्हणजे आमच्या कार्यालयातली जुनी सहकारी. कुठलाही कागद असो, ती त्याला टाचणी लावायची आणि कुठलाही माणूस असो, त्याला टोचायची. निवृत्तीनंतर तिला पेपर तपासायला बोलावतात. याच परीक्षेचे. अशा कामाबद्दल बाहेर बोलू नये एवढी अक्कल तिला नोकरीत नव्हती, आता कुठून येणार? मी तसं सांगणारही होते. पण फोन कानावरून काढला नाही.

म्हणाली, मान आखडलीये, डोळे गेले, आणि सगळ्यात वीट आला तो एका वाक्याचा. कुठल्या? मी विचारलं. तिने नाक वर करून म्हणून दाखवलं. नागरिक. अधिकारी. एकाच खड्ड्याकडे.

मी हातातला कप खाली ठेवला.

“गठ्ठ्यात दर तिसरा निबंध याच वाक्याने सुरू,” म्हणाली. “निम्म्यांनी वर ‘एका थोर विचारवंताने म्हटल्याप्रमाणे’ असं जोडलंय. सगळे त्या खड्ड्यात जाऊन पडतात, बाई. आणि खड्डा कसला, ते एकाही शहाण्याने लिहिलेलं नाही.”

मी विचारलं, मग अशांना गुण कसे देता?

म्हणाली, पाठ केलेलं दिसलं की हात आखडता घ्यायचा, वरून तशीच सूचना आहे. पहिल्याच ओळीत घोकंपट्टी दिसली तर पुढचं कोण मन लावून वाचतो? मग म्हणाली, “कुठल्या दीडशहाण्याने हे पोरांच्या डोक्यात भरलं, मला एकदा भेटला पाहिजे.”

मी म्हटलं, दारावर कोणी आलंय, ठेवते. कोणी आलं नव्हतं.

६ जानेवारी, मंगळवार

माझं वाक्य दर तिसऱ्या पेपरात. कसं? कुठून?

७ जानेवारी, बुधवार

तिचा शेवटचा प्रयत्न. शेवटचा! आणि पहिल्याच ओळीत मीच तिला ढकललं. तिला स्वतःला बसथांब्याचं छप्पर सुचलं होतं. ते तिने लिहिलं असतं तर शंभरात एकटी उठून दिसली असती. मी म्हटलं, निबंध याच वाक्याने उघडायचा. पाठ करून घेतलं. फाटकाशी उभं करून पुन्हा म्हणवून घेतलं, पोपटासारखं!

ती आत्ता स्वयंपाकघरात गुणगुणतेय. मला ऐकवत नाही. तिला वाटतंय सगळं छान झालं. कोण सांगणार? निकाल लागेपर्यंत तरी हा आनंद राहू दे, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, निकाल वाचून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. तथापि—

मीच लिहिलं की हे! खोडते.

९ जानेवारी, शुक्रवार

क्लासवर गेले. भांडायला. चांगली साडी नेसून गेले. भांडण असलं की मी नीटनेटकी जाते.

क्लास म्हणजे एका छापखान्याच्या वरचा मजला. जिन्यात पोरं बसलेली, मांडीवर झेरॉक्सचे गठ्ठे. फळ्यावर अजून पुसलं नव्हतं — मोठ्या अक्षरात ‘हमखास सुरुवाती’ आणि त्याखाली पहिलंच वाक्य माझं. चौकटीत! बाजूला दोन चांदण्या काढलेल्या.

सर म्हणून जो आहे तो माझ्या मुलापेक्षा लहान. लगबगीने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. कोणाची सासू ते सांगून विचारलं, हे वाक्य कुठून आलं? तर म्हणे, तुमच्या सूनबाईंनीच वर्गात वाचून दाखवलं होतं. मी विचारलं होतं कोणाकडे चांगली सुरुवात आहे का, कोणी हात वर करेना, तेव्हा त्यांनी वाचलं. टाळ्या पडल्या. मग मी सगळ्यांना उतरवून दिलं. पाठ करा म्हटलं.

“खाली श्रेय दिलंय आम्ही,” तो म्हणाला आणि झेरॉक्स काढून दाखवली. वाक्याखाली छापलेलं — ‘एका ज्येष्ठ प्रशासकाचे विचार’.

ज्येष्ठ प्रशासक! इतकी वर्षं नोकरी करून जे कोणी मला म्हटलं नाही ते या पोराने झेरॉक्सवर म्हटलं. क्षणभर — लाज वाटते लिहायला — बरं वाटलं. मग जास्तच राग आला. म्हटलं, अहो, एकच वाक्य सगळ्या वर्गाने लिहिलं तर तपासणाऱ्याला कळणार नाही का? पोरांची आयुष्यं आहेत ही, लग्नपत्रिका नाहीत एका मायन्यावर छापायला!

त्याने झेरॉक्स घडी करून ठेवली. मग म्हणाला, “मॅडम, पोरं घाबरलेली असतात. त्यांना धरायला काहीतरी लागतं. तुम्हीही तेच केलंत ना?”

मी पदर सावरला आणि निघाले. जिन्यापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, तुमची सून हुशार आहे, पण कोणीतरी मागे उभं असल्यासारखं लिहितात. परीक्षेच्या दिवशी मी फाटकाशी होतो, आमच्या सगळ्यांना पेनं वाटली, त्या तेवढ्या दिसल्या नाहीत.

मी म्हटलं, तुम्हाला गर्दीत कशी दिसणार? मी स्वतः सोडून आले तिला.

घरी येईपर्यंत चपलेचा अंगठा तुटला होता. कुठे तुटला ते कळलंही नाही.

१० जानेवारी, शनिवार

आज सांगायचं. सकाळपासून तीनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. इतक्या साहेबांना तोंडावर सुनावलं मी, कधी जीभ अडखळली नाही. आज एका सुनेसमोर शब्द जुळवतेय. माफी मागायची तर पहिलं वाक्य काय असावं? जे सुचतं ते छापील वाटतं.

चिरंजीवांना सांगितलं दुपारी. मला वाटलं, म्हणेल, सांगत होतो मी. तसं नाही म्हणाला. टेबलावरचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, “जा आई. सांगून टाक. तिची लाल पेन्सिल तुझ्यावर चालू दे एकदा.”

जाते.

११ जानेवारी, रविवार

सांगितलं काल. सगळं — टाचणीचा फोन, फळा, चांदण्या. म्हटलं, तुझा पेपर माझ्यामुळे गेला, मला माफ कर.

ती पलंगाच्या कडेवर बसली होती. माझा हात धरला आणि म्हणाली, “आई, तुमचं वाक्य मी लिहिलेलं नाही. मी आत गेलेच नाही.”

समोरच्या बागेत गेली होती. पेपर सुरू व्हायला वेळ आहे, जरा टेकू म्हणून बाकावर बसली. डोळे मिटले. बायकांच्या बोलण्याने जाग आली, तेव्हा पोरं पेपर देऊन बाहेर पडत होती. इतकी गाढ झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती म्हणे. सांगताना रडत नव्हती. उठल्यावरही रडले नाही म्हणाली, संत्री घेतली आणि घरी आले.

मी उठले, तिची उशी सरळ केली आणि दार लोटून बाहेर आले.

आज अकरा वाजत आले. ती अजून झोपलीय, दार बंद आहे. चिरंजीव कुकर लावायला निघाले होते, मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, दुपारी बघू. शिट्टी होते.